एफईएफ आणि एलएफपी: एक चालू केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही

गेल्या पावसाळ्यात रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही दीड तास हिरव्या दिव्यांपुढे बसून काढला. कंट्रोल रूममधल्या नेटवर्क स्विचवर लिंक, मीडिया कन्व्हर्टरवर (तांब्याच्या केबलवरचा सिग्नल फायबरवर नेणारी डबी) लिंक, आणि पलीकडच्या शेडमधला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, मात्र बोलेना. दुसऱ्या वाटेने बॅकअप फायबर टाकलेली होती. पण ती कामाला लागते मुख्य लिंक पडली तरच, आणि लिंक तर पडलीच नव्हती.

फायबरच्या वाटेवरचा चेंबर उघडल्यावर कळलं, जॉइंटमध्ये दोनपैकी एकच कोर (फायबरचा काचेचा धागा, जाण्याचा एक आणि येण्याचा एक) तुटली होती. शेडकडे जाणारा प्रकाश बंद, शेडकडून येणारा चालू. कंट्रोल रूमच्या कन्व्हर्टरला प्रकाश दिसत होता, म्हणून त्याच्या लेखी सगळं ठीक.

दोन्ही कन्व्हर्टरवर एलएफपी, म्हणजे लिंक फॉल्ट पास-थ्रू, चालू होतं. एफईएफ, म्हणजे फार एंड फॉल्ट, बंद. सेटिंग करणाऱ्याने दोन्ही एकच समजून एकावर टिक केली होती, आणि ही समजूत मला फार ठिकाणी भेटते.

एफईएफ हे दोन कन्व्हर्टरमधलं आपसातलं बोलणं. "तुझा प्रकाश माझ्यापर्यंत येत नाही" एवढंच एक दुसऱ्याला सांगतो, शाबूत असलेल्या कोरवरून. १९९५ च्या ८०२.३यू या इथरनेट मानकात १०० बेस-एफएक्ससाठी, म्हणजे फायबरवरच्या १०० एमबीपीएस इथरनेटसाठी, ते आलं, कारण तिथे फायबरवर ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी जोडणीबद्दल आपसात ठरवणं) नसतं. सलग ८४ वेळा '१' आणि मग एकदा '०', हा ठरलेला नमुना पुन्हा पुन्हा जातो. तो ओळखला की पलीकडचा कन्व्हर्टर आपली फायबर लिंक पडली असं धरतो. गिगाबिटला हेच काम ऑटो-निगोशिएशन करतं, म्हणून तिथे फायबर पोर्टचं ऑटो बंद करू नका.

पण एफईएफ तिथेच थांबतं. कन्व्हर्टरला कळलं, त्याच्या कॉपर पोर्टला (तांब्याच्या केबलचा पोर्ट) लावलेल्या स्विचला कुठे कळलं? ते काम एलएफपीचं. फायबर पडली की ते कॉपर पोर्टही पाडतं. कॉपर स्वतःहून पडलं की फायबरचा ट्रान्समीटर, म्हणजे प्रकाश पाठवणारा भाग, बंद करतं, मग पलीकडच्या टोकालाही तेच घडतं. आमच्याकडे एलएफपीने शेडमधलं कॉपर बरोबर पाडलं होतं. उलट दिशेने खबर आणायला एफईएफ हवं होतं, ते नव्हतं.

एलएफपीला असं ठरलेलं मानक नाही. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, वागणं थोडं वेगळं. त्यामुळे जोडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. पैसे वाचवायला एक टोक दुसऱ्या कंपनीचं लावलेलं नंतर महागात पडतं.

एलएफपीच्या दोन गोष्टी नव्या माणसाला हमखास अडवतात. टेबलावर एकच टोक जोडून तपासलं तर लिंकचे दिवे लागत नाहीत, आणि चांगला कन्व्हर्टर खराब म्हणून परत जातो. टेबलावर तपासताना एलएफपी बंद ठेवा. दुसरं, ते चालू असताना या बाजूचं कॉपर पडलं की फायबर काळी होते, मग त्याच फायबरवरून पलीकडच्या कन्व्हर्टरचं वेब पेज उघडत नाही. तो हँग झालेला नसतो. शेडपर्यंत धावण्याआधी आपल्या बाजूची पॅच कॉर्ड बघा.

सेटिंग केल्यावर सेव्ह करा. बऱ्याच मॉडेलवर नुसतं अप्लाय केलेलं वीज गेली की पुसलं जातं. डिप स्विच (कन्व्हर्टरवरच्या छोट्या कळा) असतील तर वेब पेजचं चालतं की त्यांचं, तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आता मी साइट सोडण्याआधी डुप्लेक्स, म्हणजे दोन कोरच्या, फायबर पॅच कॉर्डची क्लिप सोडवून एकच कनेक्टर उपसतो, तो लावतो आणि मग दुसरा उपसतो. दोन्ही वेळा दोन्ही टोकांच्या स्विचवरचा दिवा विझला पाहिजे. त्यासाठी पलीकडच्या शेडमध्ये एक माणूस फोन धरून उभा करावा लागतो.