ट्रिप युनिटला बाहेरची वीज लागतेच का?

ट्रिप युनिट म्हणजे ब्रेकरमधला प्रवाह मोजणारा आणि फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) झाला की ब्रेकर उघडायला लावणारा भाग. ‘बाहेरचा २४ व्होल्टचा पुरवठा गेला की इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटवाला ब्रेकर फॉल्टमध्ये ट्रिप होत नाही’ हा समज चुकीचा आहे. तो बहुधा उच्चदाब ब्रेकरच्या वेगळ्या रिलेंवरून (फॉल्ट ओळखणाऱ्या स्वतंत्र उपकरणांवरून) आला असावा. त्यांतल्या अनेकांना खरंच बॅटरी लागते. लघुदाब ब्रेकरमध्ये मात्र आतले करंट ट्रान्सफॉर्मर (मुख्य प्रवाहातून छोटा प्रवाह मिळवणारी गुंडाळी) युनिटला वीज पुरवतात. म्हणजे फॉल्टचा प्रवाहच त्याला जागं करतो! ट्रिपसाठीही मोठी शक्ती लागत नाही: कायम चुंबकाने स्प्रिंगविरुद्ध धरून ठेवलेला दट्ट्या छोट्याशा विद्युत स्पंदाने सुटतो आणि यंत्रणा ब्रेकर उघडते. बाहेरचा पुरवठा मुख्यतः डिस्प्ले आणि कम्युनिकेशनसाठी. भार अगदी कमी असला की डिस्प्ले विझू शकतो. तेवढ्यावरून युनिट बदलू नका. आधी टेस्ट किटने तपासा.