ब्रेक पाइपचा गंज व दुरुस्ती (जुने पिकअप ट्रक)

मास्टर सिलिंडरमधले (पेडल दाबल्यावर दाब निर्माण करणाऱ्या पंपातले) ब्रेक ऑइल चाकांपर्यंत पोहोचवणारे पोलादी पाइप पेन्सिलीहून बारीक असतात. त्यांचा बाहेरचा व्यास बहुधा ४.७५ किंवा ६.३५ मिमी. आणि भिंतीची जाडी जेमतेम ०.७ मिमी. असते. पातळ पत्रा दोन वेढे गुंडाळून, वेढे तांब्याने झाळून हे पाइप बनवतात. जोरात ब्रेक दाबला की आत १०० बारच्या आसपास दाब चढतो. बाहेरून गंजाने भिंत खाल्ली असेल, तर पाइप नेमका अशाच वेळी, म्हणजे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असताना फुटतो.

अमेरिकेच्या मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. काही ठिकाणी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे रस्ता वाळला तरी गाडीचे पोट ओलेच राहते. पिकअपमधला मागच्या ॲक्सलकडे जाणारा लांबलचक पाइप चॅसीच्या कडेने क्लिपांत अडकवलेला असतो. क्लिपखाली खारट चिखल साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. उघडा भाग ठाकठीक दिसतो, म्हणून क्लिप न उघडता केलेली तपासणी फारशी कामाची नसते. कोकणात मासळी वाहणाऱ्या पिकअपवर बर्फाचे खारट पाणी ठिबकते, तेव्हा चॅसीची हीच गत होते.

या दुखण्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ सालांतील सिल्व्हराडो, सिएरा या पिकअप व त्यांच्या भावंड गाड्यांचे. अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहनसुरक्षा यंत्रणेने सुमारे ५० लाख गाड्यांबाबतची चौकशी एप्रिल २०१५ मध्ये बंद केली. हा उत्पादनदोष नसून वयोमानाची झीज आहे, असा निष्कर्ष काढून गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला नाही. गाडीचे पोट धूत राहा आणि खपल्या निघू लागल्या तर पाइपांचा सगळा संच बदला, असे मालकांना सांगितले. तांत्रिकदृष्ट्या हे पटण्यासारखे आहे, पण पेडल अचानक फरशीला टेकलेल्या माणसाला त्यात दिलासा कसला! तरी पुढच्या व मागच्या चाकांचे सर्किट वेगळे असल्याने एक फुटले तरी दुसरे काम करते. पेडल खोल जाते, लाल दिवा लागतो आणि गाडी थांबायला बरेच जास्त अंतर लागते.

दुरुस्तीतला निम्मा वेळ जुना नट सोडवण्यात जातो. साधा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. त्यासाठी फ्लेअर नटचा (फ्लेअर म्हणजे पाइपचे फुलवलेले टोक), एका बाजूने फटीचा पाना लागतो. आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. तरीही हलला नाही, तर पाइप नटालगत कापून नटावर सॉकेट चढवतात. पिकअपची एक सोय अशी की बोल्ट काढून मागचा हौदा उचलता येतो. आडवे पडून डोळ्यांत गंज पाडून घेण्यापेक्षा हे कष्ट परवडतात.

फुटलेला तुकडा कापून मध्ये जोड घालण्याचा मोह होतो. पण फ्लेअर करण्यासाठी चिमट्यात धरताच जुना पाइप बहुधा चिरतो. नाही चिरला, तर काही महिन्यांत पुढच्या क्लिपपाशी गळतो. कॉम्प्रेशन जोड (फ्लेअर न करता नुसता आवळून बसवलेला) किंवा क्लॅम्प लावलेली रबरी नळी तर या दाबाला टिकणारच नाही. जोडापासून जोडापर्यंत अखंड पाइप बदलणे हाच खरा इलाज. त्यासाठी तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप उत्तम: सुमारे ९० टक्के तांबे, १० टक्के निकेल. तो हाताने वळतो, मिठाला दाद देत नाही आणि व्होल्वोने १९७६ पासून वापरला आहे. निव्वळ तांब्याचा पाइप मात्र हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो.

पाइप छोट्या कटरने कापून, आतली धार घासून, टोकाला फ्लेअर करतात. अमेरिकी गाड्यांत ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर आणि फुगवटा असलेला बबल फ्लेअर असे दोन्ही आढळतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. फ्लेअरआधी नट पाइपवर सरकवायचा असतो. प्रत्येक मेकॅनिक हे एकदा तरी विसरलेला असतो.

शेवटी एअर, म्हणजे पाइपांत शिरलेली हवा, काढणे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा सोडण्याचा स्क्रू) सैल करून बुडबुडे सोडायचे आणि पेडल उचलण्याआधी निपल बंद करायचा. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या उजव्या चाकापासून. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर स्कॅनर लावून त्याचे व्हॉल्व्ह चालवावे लागतात. त्यानंतर पेडल काही मिनिटे जोरात दाबून धरतात आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून ओल पाहतात.