घाटात दोनदा उलटी फिरणारी गाडी

इझुमो-साकाने स्टेशनात गाडी येऊन थांबते, आणि पुढे जायला रूळच नसतो. एकाच डब्याची डिझेलगाडी. ड्रायव्हर जागेवरून उठतो, प्रवाशांच्या मधून चालत डब्याच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि तिकडच्या केबिनमध्ये बसतो. गाडी आल्या वाटेनेच निघते, पण लगेच सांधा बदलून डोंगराकडे वळते आणि चढू लागते. वर जंगलात, बर्फासाठी बांधलेल्या छपराखाली, ती पुन्हा थांबते. ड्रायव्हर पुन्हा उठतो, पुन्हा डबाभर चालतो. आता गाडीचं तोंड परत मूळ दिशेला. नकाशावर हा सगळा मार्ग इंग्रजी झेड अक्षरासारखा दिसतो.

ही जपानच्या शिमाने प्रांतातली किसुकी लाइन. शिंजी तलावाजवळून निघून ८१.९ किलोमीटरवर, हिरोशिमा प्रांतातल्या बिंगो-ओचिआई या जंक्शनला ती संपते. साकानेच्या पुढचं स्टेशन मिइनोहारा. दोघांत सरळ रेषेत जेमतेम सव्वा किलोमीटर अंतर, पण उंचीत सुमारे १६० मीटरचा फरक. ही उंची गाठायला रूळ ६.४ किलोमीटर वळसा घेतो.

एवढा खटाटोप का? कारण रेल्वेचं बळ आणि तिची खोड एकच आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकतं ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी. ना चाक दबत, ना रूळ, म्हणून शक्ती वाया जात नाही. सपाटीवर एक टन वजनाचा डबा चालता ठेवायला साधारण दोन किलो वजनाइतका जोर पुरतो. पण हजार मीटरला तीस मीटर असा चढ आला, की त्याच टनामागे आणखी तीस किलोंचा जोर लागतो, म्हणजे एकदम पंधरा-सोळा पट. मिइनोहाराला सरळ जायचं म्हटलं तर चढ आठाला एक, टनामागे सव्वाशे किलो. ओल्या रुळावर, त्यात पानं पडलेली असली तर, चाकाची पकड वजनाच्या दहाव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. इंजिन कितीही दांडगं आणा, चाक जागच्या जागी गरगरत राहील. म्हणून इथला चढ हजाराला तीसच्या आत ठेवला. त्यासाठी रूळ लांबवायचा होता आणि डोंगरात वळणाला जागा नव्हती. मग गाडीच उलटी फिरवली.

आपल्याकडे हे नवं नाही. १८६३ साली बोर घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथला चढ सदतीसला एक, म्हणजे हजाराला सत्तावीस. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. मिइनोहाराला पोचल्यावर माणूस बुचकळ्यात पडतो: घाट चढून आलो, आता उतार कुठे आहे? पलीकडे उतार जवळजवळ नाहीच, नुसतं सपाट पठार. आपला घाटमाथा आठवावा, कोकणाच्या बाजूला कडा आणि देशाच्या बाजूला पसरट जमीन. मिइनोहाराला ही करणी एका नदीची. उत्तरेकडची मुरोहारा नदी तीव्र उताराची. ती डोंगर मागे मागे कोरत गेली आणि पलीकडे वाहणाऱ्या नदीचं वरच्या अंगाचं पाणी तिने आपल्याकडे ओढून घेतलं. भूगोलाच्या पुस्तकात याला नदी अपहरण म्हणतात. चोरी झालेल्या नदीचं रिकामं खोरं म्हणजे मिइनोहारा. रेल्वेला चढावा लागला तो कडा चोरट्या नदीने कोरलेला.

मुरोहारा पुढे हिइ नदीला मिळते. याच खोऱ्यात सुसानोओ देवाने आठ डोक्यांचा ओरोची नाग मारला आणि त्याच्या शेपटीतून तलवार निघाली, अशी कथा आहे. नाग म्हणजे पुराने पिसाळणारी हिइ नदीच, असं बरेच जण मानतात. तलवारीचा उल्लेखही उगाच नाही. इथल्या वाळूत लोह आहे. मातीच्या भट्टीत ही वाळू आणि लाकडी कोळसा तीन दिवस-रात्र जाळून पोलाद काढायची ‘तातारा’ पद्धत इथे शतकानुशतकं चालली, आणि आजही योकोता भागात हिवाळ्यात तलवारींसाठी एक भट्टी पेटते.

या मुलखात पहिली गाडी आणली ती एका खासगी कंपनीने, १९१६ मध्ये, शिंजी ते किसुकी. पुढचं सरकारने हातात घेतलं. १९३२ ला इझुमो-मिनारी, १९३४ ला याकावा, आणि १२ डिसेंबर १९३७ रोजी घाट पार करून बिंगो-ओचिआई.

१९९२ मध्ये शेजारच्याच डोंगरावर मोटारींसाठी ‘ओरोची लूप’ झाला. पुलांवरून दुहेरी वेटोळं घालत वर जाणारा रस्ता, गाडीच्या खिडकीतून लालभडक पुलासकट दिसतो. रबरी टायरला घाटाचं भय नाही. रेल्वेचे प्रवासी तिकडे गेले. इझुमो-योकोता ते बिंगो-ओचिआई या पट्ट्यात २०१९ सालात दिवसाला सरासरी ३७ प्रवासी होते. हे आकडे मार्ग चालवणाऱ्या जेआर वेस्ट कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हापासून मार्गाच्या भवितव्याची चर्चा सुरू आहे. तोट्याच्या हिशेबात हे बसतं, मान्य. पण थंडीत बर्फ पडला की घाटातली गाडी अनेकदा बंदच राहते, हेही लक्षात ठेवायला हवं.

१९९८ पासून ‘ओकु-इझुमो ओरोची’ ही उघड्या डब्याची पर्यटक गाडी या घाटात धावत असे. साकानेला उतरून लोक तिथल्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेत. ‘एन्मेइसुइ’ त्याचं नाव, आयुष्य वाढवणारं पाणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती गाडी थांबली. २०२४ पासून तिच्या जागी ‘आमेत्सुची’ नावाची गाडी या मार्गावर येते, पण ती इझुमो-योकोतापर्यंतच. घाट तिथून दोन स्टेशनं पुढे आहे.