सीताफळ आणि रामफळ : नावे देशी, मूळ परदेशी

सीताफळ आणि रामफळ या नावांमुळे ही दोन्ही झाडे रामायणकाळापासून इथलीच असावीत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दोघांचेही मूळ उष्ण कटिबंधातील अमेरिकेत व कॅरिबियन बेटांत असून, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात पसरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बंगालीत सीताफळ ‘आता’ तर रामफळ ‘नोना’ आहे; मराठीने पुसून टाकलेली परदेशी नावांची खूण त्या भाषेने अशी जपली आहे.

या मतालाही आव्हान मिळाले. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना मध्य प्रदेशातील भारहूत आणि मथुरा येथील प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसले होते, पण दगडातले खवलेदार फळ नेमके कोणते, यावर वाद राहिला. पुढे २००९ मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातील टोकवा येथे सापडलेल्या सीताफळाच्या जळक्या बीचे कालमापन प्रसिद्ध झाल्याने तो पुन्हा उकरला गेला. तरीही एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर कोलंबसपूर्व सागरी प्रवासाचा निष्कर्ष काढणे घाईचे वाटते.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये एकाच ‘अनोना’ प्रजातीत या दोन जाती नोंदवल्या : खवल्यांवरून ‘स्क्वामोसा’ म्हणजे सीताफळ आणि जाळीवरून ‘रेटिक्युलाटा’ म्हणजे रामफळ. दोघांची फुले लोंबती, तीन मांसल पाकळ्यांची असतात. फुलातील स्त्रीकेसर आधी आणि पुंकेसर नंतर पक्व होत असल्याने परागीभवन बरेचसे बारीक भुंगेऱ्यांवर अवलंबून राहते, म्हणूनच फुले उदंड येऊनही फळे मोजकीच धरतात.

स्वभाव मात्र वेगळे. सीताफळ बुटके, पानगळीचे आणि पाण्याचा ताण सोसणारे. पानांतील अल्कलॉइड नावाच्या कडू रसायनांमुळे शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे बालाघाटच्या खडकाळ उतारांवर ते राखणीवाचून रानोमाळ वाढले, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ते पावसाळ्याच्या अखेरीस ‘डोळे उघडते’, म्हणजे खवल्यांमधल्या खाचा रुंदावून फिकट होतात. रामफळाचे झाड उंच, पाने लांबट आणि ओलाव्याची गरज जास्त. त्याची गुळगुळीत, तांबूस फळे उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतात, पण गर रवाळ आणि गोडी कमी असल्याने ते बहुधा परसातच राहिले.

नामकरण पुढेही चालू राहिले. ‘लक्ष्मणफळ’ आणि ‘हनुमानफळ’ ही नावे आज याच प्रजातीतील इतर जातींना दिली जातात, आणि कोणते नाव कोणत्या जातीचे, याबाबत एका गावाचे दुसऱ्याशी जुळत नाही.