अस्तराचा वाद आणि परदेशी संग्रहालयांची फेलोशिप

परदेशातील संग्रहालयात चित्रसंवर्धन शिकण्यासाठी मिळणाऱ्या फेलोशिपच्या जाहिराती वाचताना एक अट अनेकांना बुचकळ्यात टाकते : अर्जदाराने या विषयातील पदव्युत्तर शिक्षण आधीच पूर्ण केलेले असावे. म्हणजे शिकायला जायचे, पण शिकून झाल्यावर. मराठीत याला कोणी शिष्यवृत्ती म्हणते, तर कोणी अधिछात्रवृत्ती. पण दोन्ही शब्दांत हा प्रकार नीट बसत नाही, कारण फेलो हा धड विद्यार्थी नसतो आणि धड नोकरदारही नसतो. त्याला विद्यावेतन मिळते, ज्येष्ठ संवर्धकाच्या शेजारचे टेबल मिळते आणि ठरावीक मुदतीपुरती संग्रहालयाच्या मालकीची खरी चित्रे हाताळायला मिळतात. ही मधली जागा कशी निर्माण झाली, हे समजून घेण्यासाठी कॅनव्हासला मागून लावल्या जाणाऱ्या अस्तराची हकीकत पाहणे फार उपयोगी पडते.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात चित्रदुरुस्तीचे आणि अस्तर लावण्याचे काम कार्यशाळांचे आणि पुष्कळदा घराण्यांचे होते. सरस आणि पिठाची खळ कोणत्या प्रमाणात शिजवायची, इस्त्री किती तापवायची, हे बाप मुलाला किंवा उस्ताद उमेदवाराला दाखवी आणि बाहेर बोलत नसे. बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी १८८८ मध्ये रासायनिक प्रयोगशाळा काढली, अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात १९२८ मध्ये तांत्रिक संशोधनाचा विभाग आला, आणि कार्यशाळेची मक्तेदारी हळूहळू सैल झाली. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे संग्रहालयांत चित्रांवर काम करणारे बरेच लोक उमेदवारीतूनच तयार झालेले होते.

खरा बदल ४ नोव्हेंबर १९६६ नंतर झाला. त्या दिवशी आर्नो नदीचे पाणी फ्लॉरेन्समध्ये शिरले आणि पाण्यासोबत चिखल आणि इमारतींच्या तळघरांत साठवलेले जळाऊ तेलही चित्रांपर्यंत पोहोचले. सांता क्रोचे चर्चमधील तेराव्या शतकातील रंगवलेल्या लाकडी क्रूसाचा सुमारे ६० टक्के रंग गेला. भिजलेल्या लाकडी फलकांवरचा रंग गळून पडू नये म्हणून त्यांच्या दर्शनी बाजूवर पातळ कागदाचे तुकडे चिकटवले गेले. त्यानंतर ते फलक बोबोली बागेत, हिवाळ्यात लिंबाची झाडे ठेवण्याच्या इमारतीत, अतिशय दमट हवेत ठेवून ती आर्द्रता महिनोन्‌महिने थोडी थोडी उतरवण्यात आली, कारण लाकूड घाईने वाळले असते तर ते आकसले असते आणि वरचा रंग सुटला असता. मदतीला आलेल्या परदेशी संवर्धकांनी तिथे एकमेकांच्या पद्धती प्रथमच शेजारी शेजारी पाहिल्या. आपल्या गावची रीत हीच शास्त्र, असे मानणे त्यानंतर अवघड झाले.

विद्यापीठीय अभ्यासक्रम यापूर्वीच सुरू झाले होते. न्यूयॉर्क शहरातला १९६० चा. पुढे त्याच राज्यातील कूपर्सटाउनचा १९७० मध्ये, डेलावेअरचा १९७४ मध्ये आणि इंग्लंडात केंब्रिजजवळील संस्था १९७६ मध्ये. पदवीने रसायनशास्त्र, कलेतिहास आणि आचारसंहिता दिली. पण विद्यार्थ्याच्या हाताखालून तीन-चार वर्षांत जाऊन जाऊन किती चित्रे जाणार? म्हणून अमेरिकी अभ्यासक्रमांनी अखेरचे वर्ष संग्रहालयात काढण्याचा नियम केला आणि पदवीनंतरच्या आणखी एक-दोन वर्षांसाठी खासगी प्रतिष्ठानांच्या देणग्यांतून फेलोशिप उभ्या राहिल्या. उमेदवारी मागच्या दाराने परत आली ती अशी, फक्त यावेळी तिच्यासोबत पगारपत्रक आणि व्हिसा होता.

याच सुमारास अस्तराचा वाद पेटला. जुना कॅनव्हास कुजला, फाटला किंवा रंगाचे पोपडे सुटू लागले, तर मागून नवे कापड चिकटवायचे, ही शतकांची सवय होती. इटलीत आणि फ्रान्समध्ये सरस-खळीचे अस्तर चाले, तर हॉलंडच्या दमट हवेत सरसाला बुरशी लागते म्हणून तिथे मधमाशीचे मेण आणि राळ वितळवून लावण्याची रीत रूढ झाली. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राला १८५१ मध्ये असेच मेण-राळेचे अस्तर लागले. ही डच रीत पुढे उष्ण आणि दमट देशांसाठी आदर्श समजली गेली आणि वसाहतींमधील संग्रहालयांतही पोहोचली. १९५० च्या दशकात निर्वात दाबाचे तापते टेबल आल्यावर तर सगळे चित्र एकाच वेळी सारखे तापवून चिकटवणे इतके सोपे झाले, की ज्या चित्राला अस्तराची गरज नव्हती त्यालाही पुढची काळजी म्हणून ते लावले जाऊ लागले.

एप्रिल १९७४ मध्ये लंडनमधील ग्रिनिच येथे अस्तराच्या पद्धतींची तुलना करण्यासाठी परिषद भरली. बीजभाषणाचा मुद्दा साधा आणि अस्वस्थ करणारा होता : अस्तर हे चक्र आहे. एकदा लावलेले अस्तर कधीतरी काढावे लागते, काढताना मूळ कापड आणखी दुबळे होते, आणि म्हणून पुढचे अस्तर आणखी लवकर लागते. प्रत्येक खेपेला उष्णता, ओल आणि दाब यांनी चित्रकाराने उठावदार ठेवलेला रंग थोडा चपटा होतो. मेण तर कापडातून आणि रंगाखालच्या लेपातून झिरपून फिकट छटा गडद करते, आणि ती गडद छटा पुन्हा मूळपदावर येत नाही. मेणाचे अस्तर लावलेले चित्र हातात घेतले तर ते कापडासारखे लवत नाही, जाड पुठ्ठ्यासारखे जड आणि मुके लागते. परिणामांचा अभ्यास होईपर्यंत अस्तर लावणे थांबवावे, असे आवाहन या परिषदेतून पुढे आले.

त्या आवाहनाला कायद्याचे बळ नव्हते. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर १९७५ रोजी, एका माणसाने ‘नाइट वॉच’वर सुरीने वार केले आणि दुरुस्तीत त्याला पुन्हा मेण-राळेचेच अस्तर लागले. पण अभ्यासक्रमांवर त्या आवाहनाचा परिणाम खोल झाला. पर्याय पुढे आले : फक्त कडांना पट्ट्या लावणे, कापड न चिकटवता मागे नुसते ताणून बसवणे, आणि जर्मनीत विकसित झालेले सूक्ष्मदर्शकाखालचे रफू, ज्यात तुटलेला धागा त्याच्या दुसऱ्या टोकाला स्टर्जन माशाचा सरस आणि गव्हाचे सत्त्व यांच्या मिश्रणाने एकेक करून जोडला जातो. हे काम पाहताना आपल्याकडचा शालीवरचा रफूगार आठवल्याशिवाय राहत नाही. थांबा म्हणणाऱ्यांची बाजू मूलतः बरोबर होती, असेच मागे वळून पाहताना म्हणावे लागेल. पण तिची किंमत कोणी मोजली, हे त्यावेळी फारसे विचारले गेले नाही.

किंमत अशी, की संयमाचे धडे घेतलेल्या पिढ्यांना प्रत्यक्ष अस्तर लावताच येईना. ज्यांना येत होते ते निवृत्त झाले. लाकडी फलकांवरील चित्रांच्या बाबतीत हीच टंचाई आधी जाणवली आणि २००८ च्या सुमारास एका अमेरिकी प्रतिष्ठानाने मोजके जाणते तज्ज्ञ आणि तरुण संवर्धक यांना एकत्र बसवण्यासाठी खास उपक्रम सुरू केला. कॅनव्हाससाठी तसाच उपक्रम २०१८ मध्ये आला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे ग्रिनिचनंतर ४५ वर्षांनी त्याच विषयावर पुन्हा मोठी परिषद झाली. आजच्या काही जाहिरातींत ‘संरचनात्मक उपचार’ (म्हणजे रंगाला आधार देणाऱ्या कापडाची किंवा लाकडाची दुरुस्ती) हा शब्द ठळकपणे दिसतो त्यामागे ही रिकामी राहिलेली जागा आहे.

भारताचा या कथेशी संबंध जुना आहे. निजामाच्या राज्यात असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी १९२० ते १९२२ या काळात इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी वापरलेला लाखेचा थर पुढे पिवळा, काळपट पडला आणि तो उतरवण्याचे काम नंतरच्या रसायनज्ञांच्या वाट्याला आले. तज्ज्ञ आणण्यापेक्षा माणूस पाठवावा, या मताला त्या अनुभवाने बळ दिले असावे. रोममध्ये १९५९ पासून काम करणारे आंतरराष्ट्रीय संवर्धन केंद्र काढण्याचा ठराव १९५६ मध्ये नवी दिल्लीत झाला होता, आणि भित्तिचित्रांचा तिथला अभ्यासक्रम १९६८ मध्ये सुरू झाला. लखनौला १९७६ मध्ये राष्ट्रीय प्रयोगशाळा आली, दिल्लीत १९८९ मध्ये संवर्धन शिकवणारी संस्था; पण तैलचित्रांचा सराव देशात तुलनेने कमीच राहिला. २०१० नंतरच्या दशकात केंद्र सरकारचे संस्कृती मंत्रालय, न्यूयॉर्कमधील एक मोठे संग्रहालय आणि नेदरलँड्समधील (म्हणजे हॉलंडमधील) मास्ट्रिख्टची संवर्धन कार्यशाळा यांनी अमेरिकी देणगीतून भारतीय संवर्धकांसाठी फेलोशिप चालवली. ज्या देशातून मेणाची रीत जगभर पसरली, त्याच देशात जाऊन ती आवरायला शिकण्याचा हा योग होता.

मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते आणि सरस फुगतो, बुरशी धरतो. मेणाला ओलीचे भय नाही, पण उन्हाळ्यात ते मऊ पडते आणि वर धूळ धरते. त्यामुळे सरसकट ‘अस्तर नको’ हा युरोपीय निष्कर्ष, जिथे वातानुकूलन रात्री बंद होते अशा दालनांना जसाच्या तसा लागू पडत नाही. मेणाचे अस्तर आधीच लागलेले एखादे व्यक्तिचित्र टेबलावर येते, तेव्हा नवे अस्तर लावायचे की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरतो. जुने मेण किती उतरवायचे, उतरवल्यावर मोकळे झालेले कापड आपल्या हवेत कशाच्या आधारावर ठेवायचे आणि रंगाखाली मुरलेले मेण तसेच राहू द्यायचे का, एवढे आधी ठरवावे लागते.