मृगातला राखाडी धूर आणि फोटोतले रंग

मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, मोबाइलवर गुलाबी-जांभळा पाहून आलेलं पोर पेंचला दुर्बिणीला डोळा लावतं आणि विचारतं, ‘काका, हे एवढंसंच काय जी?’ भिंगात दिसतो तो राखाडी धूर, विझत्या चुलीवरून उठावा तसा. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. इतक्या अंधारात जाऊनही रंग दिसत नाहीत, तेव्हा फोटो खोटे असतात असा समज करून घेऊन लोक परततात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण खरी हकिगत फार सुंदर आहे.

आधी डोळ्याचं बघू. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत अमावास्येच्या रात्री उभं राहा. झाड फळांनी लगडलेलं असतं, पण एकही संत्रं नारंगी दिसत नाही. फळ आणि पान दोन्ही काळपट. बॅटरी मारली की रंग परत येतो. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना भरपूर उजेड लागतो. तो नसला की दंडपेशी काम बघतात आणि त्यांना रंगच कळत नाही. शिवाय डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात आलेला उजेड वापरायचा आणि पुढे जायचं, एवढंच त्याला जमतं.

कॅमेरा मात्र साठवतो. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी याच मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, ५१ मिनिटं फोटोची काच उघडी ठेवून (तेव्हा फिल्मऐवजी रसायन लावलेली काच वापरत). १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांच्या फोटोत तर असे तारे उमटले, जे दुर्बिणीला डोळा लावून कधीच दिसले नव्हते. माझ्या मते फोटो आणि डोळा यांची वाट तिथेच वेगळी झाली, रंग येण्याच्या कितीतरी आधी. त्या काळच्या काचांना निळा उजेड फार लवकर लागे, तांबडा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे मृगातलाच निळसर तारा राजन्य ठळक यायचा आणि तांबूस तारा काक्षी फिका पडायचा.

रंगाची युक्ती भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच दाखवली होती: तांबड्या, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीन कृष्णधवल फोटो घ्यायचे आणि एकावर एक बसवायचे. मोठ्या दुर्बिणी आजही हेच करतात. पण ते बसवताना माणसाला निवड करावी लागते, आणि ती चुकूही शकते. जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग-१ यानाने पाठवलेल्या पहिल्या रंगीत फोटोत मंगळाचं आकाश पृथ्वीसारखं निळं दाखवलं गेलं. यानावरच्या रंगांच्या नमुना-चौकटींशी ताडून पाहिल्यावर ते धुळीमुळे गुलाबीसर असल्याचं समजलं.

१९९५ चा हबल या अवकाश दुर्बिणीचा गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचा फोटो याच्याही पुढचा. त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. गंधकाचा आणि हायड्रोजनचा उजेड प्रत्यक्षात दोन्ही तांबडेच, डोळ्याला त्यांत फरक करता येणार नाही. पण कुठे कोणता वायू आहे हे शास्त्रज्ञांना बघायचं होतं, म्हणून रंग वाटून दिले. नकाशात जिल्ह्यांना वेगवेगळे रंग देतात आणि कोणी नागपूरची माती तशी गुलाबी आहे असं समजत नाही, तसंच हे. जेम्स वेब दुर्बीण तर मुख्यतः अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारे, किरण टिपते. तिथे डोळ्याशी तुलनाच संपते. सर्वांत लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा, एवढा क्रम पाळतात.

पोराला मी आधी वीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवायला सांगतो. मग तेजोमेघाकडे थेट न बघता किंचित बाजूला बघ म्हणतो, कारण दंडपेशी तिकडे दाट असतात. धुराला हळूहळू पंख फुटतात, मधोमध चार बारीक तारे सुटे दिसू लागतात. मग आकाशातल्या ताऱ्यामागे आपोआप फिरणाऱ्या त्याच दुर्बिणीला कॅमेरा अडकवून अर्धा मिनिट उघडा ठेवतो. पडद्यावर गुलाबी उमटतं. तेराशे वर्षांपूर्वी निघालेला तोच उजेड.