एप्रिल-मेच्या उन्हात कुंडीतला टोमॅटो

उन्हाळ्यात आमच्या रोपवाटिकेत सर्वांत जास्त विचारणा होते ती फूलगळीची. झाड हिरवंगार, फुलं भरपूर, आणि चार दिवसांत ती देठासकट गळून पडतात. हा रोग नाही. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही २४-२५च्या खाली उतरला नाही, की परागकण निकामी होतात. विदर्भात एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत हेच चालतं. म्हणून फूल टिकवायचं औषध मागू नका, युरियाही टाकू नका; नुसता पाला माजतो आणि पाणी जास्त लागतं. या दिवसांत आधी धरलेली फळं सांभाळायची आणि झाड जगवायचं.

पाणी

कुंडी किंवा झाड लावायची पिशवी किमान १५-२० लिटरची हवी. सकाळी सातच्या आत, खालून निथळेपर्यंत पाणी द्या. संध्याकाळी मातीत बोट दोन इंच खुपसा. कोरडं लागलं तरच पुन्हा द्या. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. माती ओली असेल तर झाड संध्याकाळी आपोआप सावरतं. जास्तीच्या पाण्याने मुळं कुजतात. गच्चीवरच्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते बादलीत सोडून मगच पाइप कुंडीकडे वळवा.

एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं की फळाचं बूड काळं पडतं. मातीत कॅल्शियम असतं, पण पाण्याच्या ओढाताणीत ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. मातीवर दोन-तीन इंच पाचट किंवा वाळला पाला पसरा. काळ्या पिशवीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा आणि ती विटांवर ठेवा. तापलेल्या स्लॅबवर मुळं भाजतात.

सावली आणि रंग

५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) शेंड्यापासून दोन फूट वर बांधा. सकाळचं ऊन मिळू द्या, पश्चिमेची बाजू मात्र झाका. ७५ टक्क्यांची नेट नको, झाड नुसतं लांबतं. फळं झाकणारी पानं खुडू नका; उघड्या फळावर पांढरा, कागदासारखा चट्टा पडतो.

३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. गुलाबी छटा दिसताच तोडा आणि कूलरच्या खोलीत पिकू द्या. फ्रिजमध्ये नाही.

पान वळलं तर

दुपारी वळून सकाळी सरळ होत असेल तर ते उन्हामुळे. सकाळीही आकसलेलं, नवी पानं बारीक, कडा पिवळ्या असतील तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू समजा. त्यावर औषध नाही, झाड उपटा. पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड: पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, सूर्य मावळल्यावरच. उन्हात मारलं तर पानं करपतात.

पुढच्या उन्हाळ्यासाठी रोपं जानेवारीतच लावा, म्हणजे मार्चमध्ये फळं धरतात. अर्का रक्षक हा संकरित वाण लीफ कर्लला, म्हणजे पान आकसवणाऱ्या त्या विषाणूला, बऱ्यापैकी तोंड देतो; कडक उन्हात चेरी टोमॅटो मोठ्या फळांपेक्षा बरा धरतो.

रोगट फांदी दाखवायला आणताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणा. त्यातली पांढरी माशी आमच्या रोपांवर बसली, तर पुढचं गिऱ्हाईक तीच घरी नेईल.